सगळ्यांशी बोलणारा माणूस : सर्जिओ डिमेलो

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.)

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून फोटोग्राफर मित्रांना शुभेच्छा सुरू होतात. त्याच तारखेला आणखी एक दिवस असतो, 'जागतिक मानवतावादी दिन'. त्याची शुभेच्छा मला आजवर कुणाकडून आलेली नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली ठराव करून ही तारीख ठरवली. हीच तारीख का, तर २००३ साली याच दिवशी बगदादमध्ये एका ट्रकबॉम्बने २२ जणांचा जीव घेतला. हे लोक कुठल्या सैन्याचे नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, कर्मचारी आणि त्यांच्याकडे कामानिमित्त आलेली माणसं होती. त्यांचा प्रमुख होता सर्जिओ व्हिएरा डी मेलो.

डी मेलो म्हटल्यावर वसई आणि गोव्याकडचे मित्र चमकतील. मुंबईत पी. डिमेलो रोडवरून आपण कितीदा गेलोय. आडनाव तेच, पोर्तुगीजांकडून आलेलं. हा मात्र ब्राझीलचा. जगभर लोक त्याला नुसतं 'सर्जिओ' म्हणायचे, म्हणून मीही तसंच लिहितो.

इराक युद्धाच्या बातम्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. सद्दाम, बुश, टोनी ब्लेअर ही नावं तोंडपाठ आहेत. पण युद्ध संपल्यावर किंवा चालू असतानाच, पांढऱ्या गाडीवर निळा झेंडा लावून दोन्ही बाजूंशी बोलायला जाणारा जो माणूस असतो, त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. म्हणून ही पोस्ट.

सुरुवात

जन्म १५ मार्च १९४८, रिओ दि जानेरो. वडील ब्राझीलच्या परराष्ट्र सेवेत. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९६९ मध्ये वडिलांना नोकरीतून सक्तीने घरी बसवलं. सर्जिओ तेव्हा पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकत होता. मे १९६८ चं विद्यार्थी आंदोलन त्याने नुसतं पाहिलं नाही, तर रस्त्यावर उतरून पोलिसांचा दंडुका डोक्यावर घेतला. डोळ्यावरची ती खूण शेवटपर्यंत राहिली.

वडिलांची अशी गत झाल्यावर ब्राझीलच्या सरकारी नोकरीचा प्रश्नच नव्हता. १९६९ च्या अखेरीस तो जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेत लागला. काम काय? फ्रेंच मजकूर तपासायचा. म्हणजे आमच्या भाषेत उपसंपादक. तिथून पुढची ३४ वर्षं त्याने एकच मालक केला, संयुक्त राष्ट्र.

आपल्या दारातलं पहिलं काम

इथे आपला संबंध येतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या काळात प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं जादा 'शरणार्थी सहाय्यता' तिकीट लावावं लागायचं. म्हणजे सीमेपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गावातल्या माणसानेही प्रत्येक पत्रामागे पाच पैसे त्या लोकांसाठी दिलेत.

तेव्हा या निर्वासित संस्थेचे प्रमुख होते प्रिन्स सदरुद्दीन आगाखान. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांचे हे चिरंजीव. आणि त्यांच्या संस्थेचा एक पोरगेला कर्मचारी म्हणून २३ वर्षांचा सर्जिओ ढाक्याला पोचला. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध संपलं आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ सगळे निर्वासित परत गेले. एक कोटी माणसं परत घरी जाणं म्हणजे काय प्रकार असतो, हे त्याने नोकरीच्या सुरुवातीलाच पाहिलं.

नंतर सुदान, सायप्रस, मोझांबिक, पेरू. १९८१ मध्ये तो लेबनॉनमधल्या शांतिसेनेचा राजकीय सल्लागार झाला. जून १९८२ मध्ये इस्रायलचे रणगाडे शांतिसेनेच्या चौक्यांसमोरून सरळ आत गेले. निळ्या टोप्या बघत राहिल्या. ठराव, झेंडा, सनद सगळं जवळ होतं, पण अडवण्याची ताकद नव्हती. हा प्रसंग त्याच्या मनातून कधी गेला नाही, असं त्याला ओळखणारे सांगतात.

कंबोडिया : खुन्यांशी बोलायचं का?

सर्जिओचं नाव झालं ते कंबोडियात. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूजच्या राजवटीत तिथे साधारण १७ लाख लोक मेले. लोकसंख्येच्या सुमारे पाचवा हिस्सा. नंतर व्हिएतनामने आक्रमण केलं, यादवी चालू राहिली आणि लाखो लोक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत अडकले. काही मुलं तिथेच जन्मली आणि तिथेच मोठी झाली. तांदूळ ट्रकमधून येतो, एवढंच त्यांना ठाऊक.

१९९१ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला. निवडणूक मे १९९३ मध्ये. त्याआधी या सगळ्यांना घरी आणायची जबाबदारी सर्जिओवर आली. पहिला ताफा निघाला ३० मार्च १९९२ ला. आधी जाहीर केलं होतं की प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टर शेतजमीन देऊ. प्रत्यक्षात बघायला गेले तर चांगल्या जमिनीवर कुणीतरी कसत होतं, आणि जी मोकळी होती तिच्यात भूसुरुंग पेरलेले.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते धरणग्रस्तांना विचारा. कागदावरची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच राहते. सर्जिओने ते वचन सरळ बदललं. जमीन नको असेल तर रोख रक्कम घ्या, मोठ्या माणसाला ५० डॉलर, लहान मुलाला २५, आणि तुम्हाला जिथे नातेवाईक आहेत, जिथे जावंसं वाटतं तिथे जा. बहुसंख्य लोकांनी पैसेच घेतले. वर्षभरात साडेतीन लाखांहून अधिक माणसं परतली, तीही निवडणुकीच्या आधी. हे होणार नाही असं म्हणणारे तज्ज्ञ कमी नव्हते.

पण यासाठी त्याला ख्मेर रूजशी बोलावं लागलं. काही छावण्या त्यांच्याच ताब्यात होत्या आणि परतीच्या भागातला जंगलही त्यांचाच. तो त्यांच्या इलाक्यात गेला, त्यांच्या कमांडरांबरोबर बसला, हसून बोलला. बऱ्याच जणांना ते खटकलं. लाखो खून ज्यांच्या नावावर त्यांच्याशी हस्तांदोलन कसलं?

प्रश्न रास्त आहे. उत्तरही साधं आहे. छावणीच्या गेटची चावी ज्याच्या खिशात, बोलणं त्याच्याशीच करावं लागतं. चांगल्या माणसांशी वाटाघाटी कराव्याच लागत नाहीत, त्यांना नुसतं सांगितलं तरी पुरतं.

बोस्निया : याच गुणाची दुसरी बाजू

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही आरती होईल.

१९९३ च्या शेवटी तो बोस्नियात गेला. साराजेव्हो शहराला सर्ब सैन्याचा वेढा होता. तो जवळपास चार वर्षं टिकला. भोवतालच्या डोंगरांवरून तोफा आणि बंदूकधारी खालच्या बाजारातल्या माणसांवर नेम धरायचे. ५ फेब्रुवारी १९९४ ला बाजारात एक तोफगोळा पडून ६८ लोक मेले. त्यानंतर नाटोने दम दिला, तोफा काही काळ थंडावल्या आणि वाटाघाटींना जागा झाली. मार्चमध्ये साराजेव्होची ट्राम पुन्हा धावली. शहराबाहेर पडायचे काही रस्ते मर्यादित का होईना, खुले झाले. या बोलण्यांत सर्जिओ होता.

पण वेढा घालणाऱ्यांशी त्याचं इतकं जमायचं की सहकाऱ्यांनी त्याला टोपणनाव ठेवलं, 'सर्बिओ'. टीकाकारांचं म्हणणं असं की पुढचा रस्ता उघडा राहावा म्हणून तो समोरच्याच्या गुन्ह्याबद्दल गप्प राहायचा. मध्यस्थाचा तटस्थपणा एका मर्यादेपलीकडे गेला की मारणारा आणि मरणारा दोघांनाही तो एकाच तराजूत बसवतो. बोस्नियात संयुक्त राष्ट्रांचं हेच झालं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा या संयुक्त राष्ट्रांनीच 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलेल्या गावातून सुमारे ८,००० पुरुष आणि मुलांना नेऊन मारलं. सर्जिओ तेव्हा तिथून निघून गेला होता, पण ज्या धोरणाने हे घडलं त्या धोरणाचा तोही एक भाग होता.

१९९६ चं टांझानिया तर त्याच्या कारकिर्दीवरचा डागच. रवांडातल्या नरसंहारानंतर पळून आलेले जवळपास पाच लाख लोक तिथल्या छावण्यांत होते. त्यांत साधी माणसं होती, तसे खुनीही लपलेले होते. टांझानिया सरकारने वर्षअखेरपर्यंत सगळ्यांनी परत जावं असं फर्मान काढलं आणि निर्वासित संस्थेने त्या निवेदनावर आपलंही नाव घातलं. लोक जायला तयार नव्हते. शेवटी सैन्याने त्यांना सीमेकडे हाकललं. ज्या संस्थेचा पहिला नियमच 'कुणालाही जबरदस्तीने परत पाठवायचं नाही' हा, तिचं नाव त्या कागदावर होतं. सर्जिओ तेव्हा संस्थेतल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी होता.

कंबोडियात निर्वासितांना 'तुम्हाला कुठे जायचंय?' असं विचारणारा हाच माणूस. म्हणून मला त्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. हा देवमाणूस नव्हता. कठीण जागी निर्णय घेत होता आणि काही निर्णय चुकत होते.

तिमोर : वाटाघाटी करणारा राजा झाला तर

पूर्व तिमोर हा इंडोनेशियाजवळच्या एका बेटाचा अर्धा भाग. पोर्तुगीजांची वसाहत. एकेकाळी तिथला कारभार गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, इतका तो आपल्या इतिहासाला जवळचा. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. तिमोरमधून पोर्तुगीज १९७५ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. पुढची २४ वर्षं माणसं मरत राहिली.

३० ऑगस्ट १९९९ ला संयुक्त राष्ट्रांनी सार्वमत घेतलं. ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. निकाल लागला आणि इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी देश जाळला. शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, घरं, काही ठेवलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली सैन्य उतरलं तेव्हा राजधानी दिलीमध्ये राखच होती.

ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं की स्वातंत्र्य मिळेपर्यंत हा देश संयुक्त राष्ट्रच चालवेल, आणि चालवणारा प्रशासक म्हणून सर्जिओला पाठवलं. त्याच्या हातात काय होतं बघा. कायदा करायचा तोच, अंमल करायचा तोच, न्यायाधीश नेमायचे तेही त्यानेच. आठ लाखांच्या देशाचा हा अक्षरशः राजा.

आणि पहिल्या काही महिन्यांतच लोक चिडले. कारण उघड होतं. गावं जळालेली, लोक बेकार, आणि परदेशी अधिकारी दिलीच्या बंदरातल्या तरंगत्या हॉटेलात राहतात, पांढऱ्या गाड्या उडवत फिरतात. २४ वर्षं जंगलात आणि तुरुंगात काढलेल्या पुढाऱ्यांना विचारतं कोण? शानाना गुस्माव यांच्यासारख्या नेत्याने उघड नाराजी बोलून दाखवली.

खुर्चीवर बसलेला माणूस अशा वेळी काय करतो, हे आपण रोज बघतो. तक्रार करणाऱ्याला विरोधक ठरवतो. सर्जिओने जुलै २००० मध्ये मंत्रिमंडळ केलं, आठ खाती, चार तिमोरी आणि चार परदेशी. मग आणखी तिमोरी माणसं आली, सल्लागार परिषदेची जागा पूर्णपणे तिमोरी परिषदेने घेतली, आणि आपला अधिकार तो हप्त्याहप्त्याने काढून देत गेला. ऑस्ट्रेलियाबरोबर समुद्रातल्या तेल-वायूची बोलणी झाली, तेव्हा त्याच्या प्रशासनाने तिमोरची बाजू लावून धरली. २००१ च्या त्या करारात एका मोठ्या क्षेत्रातल्या उत्पन्नाचा ९० टक्के वाटा तिमोरला मिळाला. ऑगस्ट २००१ मध्ये संविधान सभेची निवडणूक, एप्रिल २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची. गुस्माव निवडून आले.

२० मे २००२ च्या मध्यरात्री संयुक्त राष्ट्रांचा झेंडा उतरला आणि तिमोरचा वर गेला. समारंभाला इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष मेगावती स्वतः हजर होत्या. ज्या देशाने २४ वर्षं हा भाग दाबून ठेवला, त्याची प्रमुख त्याच्या स्वातंत्र्याला पाहुणी म्हणून आली. पुढे २००६ मध्ये तिमोरमध्ये मोठी अशांतता झाली, परदेशी सैन्य पुन्हा बोलवावं लागलं, तेव्हा सगळं गोड झालं असं नाही. पण संपूर्ण सत्ता हातात असलेल्या माणसाने ठरल्या वेळी ती सोडून विमानात बसणं, ही जगाच्या इतिहासात रोज घडणारी गोष्ट नाही.

बगदाद

सप्टेंबर २००२ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क उच्चायुक्त झाला. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेची स्पष्ट परवानगी न घेता इराकवर हल्ला केला. युद्ध झाल्यावर मात्र संयुक्त राष्ट्रांचं कुणीतरी तिथे हवं होतं. कोफी अन्नान यांनी सर्जिओला चार महिन्यांसाठी जायला सांगितलं. त्याला जायचं नव्हतं, असं त्याचे निकटवर्तीय सांगतात. तरी २ जून २००३ ला तो बगदादला उतरला.

तिमोरमध्ये हातात सगळं होतं, इथे काहीच नव्हतं. सत्ता अमेरिकेच्या पॉल ब्रेमर यांच्याकडे. सर्जिओकडे फक्त त्याची जुनी सवय, जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. तो नजफला जाऊन आयातुल्ला सिस्तानींना भेटला. अमेरिकी अधिकाऱ्यांना सिस्तानींनी कधीच भेट दिली नाही. त्यांचं म्हणणं, संविधान निवडून आलेल्या इराकी लोकांनीच लिहावं. सर्जिओला ते पटलेलं होतं, तिमोर तो शिकून आला होता. इराकी लोकांची नुसती सल्लागार समिती नको, थोडे तरी अधिकार असलेलं मंडळ हवं, हा त्याचा आग्रह होता. १३ जुलैला २५ जणांची शासकीय परिषद स्थापन झाली. दुसऱ्याच दिवशी, १४ जुलैला, वाजपेयी सरकारने इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवायला नकार दिला. त्या उन्हाळ्यात तिथे कुणी कुठल्या झेंड्याखाली जायचं, हा प्रश्न दिल्लीतही तेवढाच तापला होता.

पण या परिषदेला मदत केली म्हणून कित्येक इराकींच्या लेखी संयुक्त राष्ट्र अमेरिकेच्या पंगतीला बसले. त्यात त्याआधीची बारा-तेरा वर्षं इराकवर जे आर्थिक निर्बंध होते, तेही संयुक्त राष्ट्रांच्याच नावावर. औषधाविना पोर गेलेल्या बापाला निळा झेंडा कसा दिसत असेल?

कार्यालय कॅनाल हॉटेल नावाच्या इमारतीत होतं. लोकांनी सहज यावं म्हणून भोवती रणगाड्यांचा पहारा नको, असं संयुक्त राष्ट्रांचं धोरण. १९ ऑगस्टला दुपारी साडेचारच्या सुमारास स्फोटकांनी भरलेला ट्रक बाजूच्या गल्लीत, बरोबर सर्जिओच्या खोलीखाली येऊन फुटला. मजले एकमेकांवर कोसळले. तो ढिगाऱ्याखाली जिवंत होता, बोलत होता, बरोबरच्या लोकांची विचारपूस करत होता. दोन अमेरिकी जवान आत शिरून हातांनी विटा काढत राहिले. ढिगारा उपसायची धड यंत्रसामग्री नव्हती. जगातली सर्वांत बलाढ्य फौज शहरात, आणि ढिगाऱ्यातली माती वर काढायला एका बाईची पर्स आणि दोरी! काही तासांनी तो गेला. वय ५५.

हल्ल्याची जबाबदारी झरकावीच्या टोळीवर आली. त्यांनी दिलेल्या कारणांतलं एक कारण असं की या माणसाने मुस्लीम इंडोनेशियापासून तिमोर तोडला. म्हणजे त्याने आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम त्याच्या मरणाचं एक कारण ठरलं.

नंतर फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आह्टीसारी यांच्या समितीने चौकशी केली. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा व्यवस्थाच मोडकळीला आलेली होती, असा स्पष्ट ठपका ठेवला. म्हणजे बॉम्ब ठेवणारे गुन्हेगार तर होतेच, पण घरचेही बेफिकीर होते.

मग काय उरलं?

त्यानंतर मदत करणाऱ्या संस्थांनी भिंती उंच केल्या, काटेरी तारा लावल्या. पूर्वी झेंडा हेच संरक्षण असायचं, आता झेंडा हाच नेम झाला. गाझात गेल्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांचे शेकडो कर्मचारी मारले गेले. सुदानमध्ये मदतीचे ट्रक अडवले जातात, जाळले जातात. आणि ज्यांच्यासाठी हे लोक जातात, ते भिंतीच्या पलीकडे राहतात.

मला या गोष्टीतून जे वाटतं ते सांगून थांबतो. २००७ मध्ये आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम आणली. त्या काळात बातमीसाठी मी कितीतरी समित्यांच्या बैठकांना बसलोय. बांधावरून दोन भाऊबंद भांडत असतात, आणि मध्ये बसलेल्या माणसावर दोघांचाही संशय असतो. 'तो त्यांच्याकडे चहा प्यायला' एवढं कारण पुरतं. मोजणी होते, बांध ठरतो, तेव्हा श्रेय कुणी देत नाही. बिनसलं की शिव्या मात्र त्यालाच.

आज फेसबुकवर तर दुसऱ्या बाजूच्या माणसाशी नुसतं बोललं तरी गद्दार ठरवतात. सगळ्यांना भूमिका हवी, बोलणी कुणाला नकोत. सर्जिओच्या आयुष्यात दोन्ही उत्तरं आहेत. बोलणी करताना सत्य गिळलं तर काय होतं, ते टांझानियात दिसतं. आणि बोलणीच केली नसती तर काय झालं असतं, हे कंबोडियात छावणीतून घरी परतलेल्या साडेतीन लाख माणसांना विचारायला हवं.

ज्यांच्या गावात, भावकीत असा मध्ये बसणारा कुणी माणूस आहे, त्यांनी १९ ऑगस्टला त्याला एक फोन करा. फोटोग्राफर मित्रांनाही शुभेच्छा द्याच. आणि कमेंटमध्ये भांडायचं असेल तर जरूर भांडा, मी दोन्ही बाजूंना उत्तर देणार आहे.